इतरांच्या मुलांचं भलं होवो

आपल्या पोटच्या पोरासाठी देवाला साकडं घालणारे आईबाप गल्लोगल्ली सापडतील. पण ज्यांचं नाव-गाव ठाऊक नाही, तोंडही कधी पाहिलेलं नाही, अशा हजारो मुलांना खरगपूरला, गुवाहाटीला, गेला बाजार सुरतेला तरी सीट मिळू दे म्हणून कळवळून प्रार्थना करणारं कुटुंब पाहायचं असेल, तर पावसाळ्यात आमच्याकडे चहाला यावं. किंवा इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला मूल उभं असलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरी जावं. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं ते अख्ख्या विश्वासाठी. आमची झेप तेवढी नाही. आमच्या लेकीच्या पुढे जी बारा-साडेबारा हजार मुलं आहेत तेवढ्यांचंच कल्याण व्हावं, आणि शक्यतो ते महाराष्ट्राबाहेर व्हावं, एवढंच मागणं आहे.

हा बाराहजारी आकडा आधी आमच्या लक्षातच आला नव्हता. २०२५च्या १६ जूनला इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल लागला, लेकीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल मिळाले. खरं तर सत्त्याण्णव आणि त्यापुढे सात दशांश स्थळं. ती जन्मली तेव्हा डॉक्टरांनी तिचं वजनसुद्धा एकाच दशांशापर्यंत सांगितलं होतं. सासूबाईंनी मात्र दशांशचिन्हाच्या अलीकडचंच ऐकलं. त्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळातल्या. "सत्त्याण्णव? अगं, मग ही बोर्डातच आली की!" म्हणत त्यांनी पेढे आणवले, वरच्या मजल्यावर वाटले, खालच्या मजल्यावर वाटले, आणि पेढे संपल्यावर नवऱ्यानं त्यांना पर्सेंट आणि पर्सेंटाइल यांतला फरक समजावून सांगितला. सत्त्याण्णव म्हणजे मार्क नव्हेत. सत्त्याण्णव म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव मुलं मागे आणि तीन पुढे. यंदा गणिताच्या गटातून चार लाखांवर मुलं बसली होती. चार लाखांवर शेकडा तीन म्हणजे... सासूबाईंचं गणित पक्कं आहे. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे बारा हजार घरांत आपल्या आधी पेढे वाटले गेले."

नवऱ्यानं त्या रात्री जो लॅपटॉप उघडला तो अजून मिटलेला नाही. मागच्या काही वर्षांचे सगळे कट-ऑफ त्यानं एक्सेलमध्ये उतरवून घेतले आणि रंगवले. हिरवा म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे आशा, लाल म्हणजे जिथे त्याच्या बहिणीच्या मुलाला मिळालं होतं ते कॉलेज. त्याचा सिद्धान्त सरळ आहे. पुढच्या बारा हजारांतली वरची मुलं जेईईतही चमकलेली असणार. देशभरात आयआयटीच्या जागा अठरा हजारांच्या आसपास, शिवाय एनआयटी, ट्रिपल आयटी. या सगळ्यांच्या एकत्रित प्रवेशाच्या, म्हणजे 'जोसा'च्या, फेऱ्यांमध्ये ही मुलं तिकडे गेली की इकडच्या यादीत तेवढी भोकं पडतात आणि त्या भोकांतून खालचे वर सरकतात. मग काही मुलं पिलानीला किंवा गोव्याला बिट्समध्ये जातात, काही वेल्लोरला, काही मणिपालला, काही थेट परदेशी. प्रत्येक गेलेल्या मुलामागे आपण एक पाऊल पुढे. तेव्हापासून आमच्याकडे परोपकार सुरू झाला.

सासूबाईंनी अथर्वशीर्षाची आवर्तनं करायची ठरवली, पण त्यांना संकल्प नीट सोडायचा होता. "कुणासाठी म्हणून सांगू देवाला? नावं तरी द्या."

"अहो आई, नावं कशी देणार? मेरिट नंबर एक ते बारा हजार, एवढंच सांगा."

"आणि गोत्र?"

शेवटी गोत्र सीईटी धरून संकल्प झाला.

परोपकाराला एकदा सुरुवात झाली की सरहद्दी उरत नाहीत. मेअखेरीला अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींना नव्या तारखा देणं थांबवलं, तेव्हा आमच्या घरातून तिकडे जाणारं कुणीही नव्हतं. तरीही त्या दिवशी आमटी कुणाच्या घशाखाली उतरेना. ती मुलं इथेच राहिली तर? नवरा चार वेळा हे वाक्य बोलला. परराष्ट्र धोरणावर जन्मात कधी न बोललेल्या सासूबाईंनी अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून जे मराठी वापरलं ते मी इथे छापू शकत नाही. सीईटीचा निकाल लागला त्याच आठवड्यात त्या मुलाखती पुन्हा सुरू झाल्या आणि आमच्याकडे शिरा झाला. बारावीनंतर लगेच अमेरिकेला जाणारी मुलं ती किती, हा प्रश्न लेकीनं विचारला होता. तिला कुणी उत्तर दिलं नाही. आशेच्या दिवसांत असले प्रश्न विचारायचे नसतात.

बाहेरच्या माणसाला वाटेल, जागाच कमी असतील. तसं मुळीच नाही. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत आणि दर वर्षी त्यांतल्या हजारो रिकाम्या राहतात. जागा नाही म्हणून कुणीच ताटकळत नाही. ताटकळतात ते ठरावीक कॉलेजांतल्या ठरावीक शाखांसाठी. पुण्यात सीओईपी, पीआयसीटी, मुंबईत व्हीजेटीआय, एसपीआयटी, सांगलीला वालचंद, आणि या सगळ्यांत कॉम्प. कॉम्प नाही तर आयटी, आयटी नाही तर एआय, तेही नाही तर नाइलाजानं ईएनटीसी. तिथे यादी संपते. पुढच्या शाखा लोक एकमेकांना धीर देण्यासाठी वापरतात. "सिव्हिललाही आता स्कोप आहे हं," असं आत्याबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा त्यांचा सूर समाचाराला आल्यासारखा होता. गंमत अशी की सीओईपी १८५४ साली निघालं ते सरकारी बांधकामांवर माणसं हवी होती म्हणून. पूल, कालवे, इमारती उभारणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या त्या जागेत आज एखाद्याला सिव्हिल मिळालं तर घरचे लोक आधी विचारतात, "बेटरमेंटला टाकलंय ना?"

हे बेटरमेंट काय असतं ते सांगायला हवं, कारण वाट बघण्याची सगळी कळ त्यातच आहे. सरकारी प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, वेटिंग लिस्ट नावाची यादी कुठेही लागत नाही. तुम्हाला एक सीट मिळते. ती आवडली तर फ्रीझ करायची. नाही आवडली तर ती हातात धरून पुढच्या फेरीत आणखी चांगली मिळते का ते पाहायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं आपले पूर्वज सांगून गेले. सरकारनं हातचं न सोडता पळत्याच्या पाठी लागायची रीतसर सोय करून दिली. मात्र पळतं हाती लागलं की हातचं आपोआप जातं. मग "आधीचंच बरं होतं" म्हणायची मुभा नाही. शिवाय यंदा तिनाच्या चार फेऱ्या केल्या आहेत आणि त्यांना अटी आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कुठलाही मिळाला तरी तोच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. स्थळं बघणाऱ्या मुलाचं असंच होतं. पहिल्या वर्षी त्याला एकच मुलगी पसंत असते, दुसऱ्या वर्षी तिघींपैकी कुणीही चालते, तिसऱ्या वर्षी मध्यस्थ सांगतात, "आता सहांतली जी होकार देईल तिला हार घाला."

त्यामुळे पर्यायांचा क्रम लावणं हे आमच्या घरातलं या वर्षीचं सगळ्यात मोठं कार्य झालं. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. जगात कुठल्याही गोष्टीचे तीनशे पर्याय देऊ नयेत. नवऱ्याला कॉलेज आधी हवं होतं, लेकीला शाखा आधी, सासूबाईंना घरापासूनचं अंतर आधी, आणि मला हे सगळे एकदाचे जेवायला बसायला हवे होते. कॉलेजांची नावं मागे पडून त्यांचे कोड नंबरच तोंडी बसले. सीओईपीला आमच्या घरात कुणी सीओईपी म्हणत नाही, नंबरानंच हाक मारतात. मग कट-ऑफच्या तक्त्यातले ते संक्षेप. जीओपनएस, जीओपनएच, जीओपनओ. एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांच्या, एस म्हणजे सगळ्या राज्याच्या. सासूबाई चष्मा लावून तक्ता वाचत होत्या. त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"हे एल काय आहे गं?"

"लेडीज, आजी. मुलींसाठी तीस टक्के राखीव."

"बसमध्ये असतं तसं?"

"हो, तसंच."

"मग काळजी कसली? बसमध्ये तरी कुठे मुकाट्यानं उठतात? पण उठवता येतं." प्रवेशप्रक्रिया त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजली.

कागदपत्रांची रामकहाणी मी सांगत बसत नाही. ज्यांच्याकडे जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी किंवा नॉन-क्रिमीलेअरचं प्रकरण अडकलं असेल, त्यांच्यापुढे आमचं दुःख म्हणजे चोचले आहेत.

पूर्वी हे प्रवेशाचं प्रकरण वेगळं होतं. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं, त्याआधी राज्यात कॉलेजंच मूठभर होती. यादी टाइप करून नोटीस बोर्डाच्या जाळीमागे लावत. आणि तिथे वेटिंग लिस्ट खरोखरची असे, नावानिशी. आपल्या पुढे कोण आहे ते दिसायचं. तेव्हा हुशार मुलं मेडिकल आणि इंजिनीअरिंग दोन्हीकडे नाव लावून ठेवत आणि मेडिकलची यादी लागली की इंजिनीअरिंगची हलायची. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं नाव असंच अडकलं होतं. पुढची मुलं कोण ते सासऱ्यांनी बोर्डावरून उतरवून घेतलं, पत्ते काढले, आणि मेडिकल मिळालेल्या एकाच्या घरी अर्धा किलो पेढे घेऊन ते शनिवार पेठेत गेले. ओळखदेख काही नाही. "चिरंजीव डॉक्टर होणार, फार आनंद झाला," म्हणाले. घरच्यांनी चहा दिला. उठताना सासरे सहज म्हणाले, "इंजिनीअरिंगचं नाव काढून घेतलंत ना?" ते लोक विसरलेच होते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी अर्ज दिला आणि आमचे काकासासरे इंजिनीअर झाले. आता पेढे नेऊन द्यावेत तर पत्ता नाही. मेरिट नंबर आठ हजार चारशे कुठे राहतो, कुणाला ठाऊक?

त्याऐवजी आता यूट्यूब आहे. रात्री अकराला नवरा कानात बोंडं घालून पडतो आणि अंधारात त्याच्या तोंडावर कुणातरी सरांचा निळा उजेड पडलेला असतो. "नमस्कार पालक मित्रांनो, दुसऱ्या राउंडला कट-ऑफ किती खाली येणार?" चाळीस मिनिटं हे सर बोलतात. शेवटी सांगतात की कट-ऑफ खाली येऊ शकतो, वर जाऊ शकतो किंवा आहे तिथेच राहू शकतो. खाली हजारभर आईबाप हात जोडल्याची चित्रं टाकतात. काही सर पैसे घेऊन हेच स्वतंत्रपणे सांगतात. पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, पर्सेंटाइलनुसार. आम्ही शहाण्णव ते अठ्ठ्याण्णववाल्यांत आहोत. तिथे अत्यंत प्रेमळ वातावरण असतं, फक्त स्वतःच्या पर्यायांची यादी कुणी कुणाला दाखवत नाही. एका बाईंनी चुकून दाखवली तर पाच मिनिटांत डिलीट केली, आणि तेवढ्यात ती सगळ्यांनी एक्सेलमध्ये उतरवली होती.

वाट बघण्याच्या या काळात माणसं काय काय करतात, हा मला खरा कुतूहलाचा विषय वाटतो. नवरा ऑफिसातून येताना रोज काहीतरी दुरुस्त करायला घेऊन येतो. नळ, मिक्सर, शेजाऱ्यांची बेल. मी माळा आवरला, मग आवरलेला माळा पुन्हा आवरला. लेकीचे बारावीचे क्लासचे गठ्ठे रद्दीत द्यायचे की ठेवायचे, यावर आमचं दोनदा भांडण झालं, कारण ठेवले तर रिपीट करायची तयारी केल्यासारखं दिसतं आणि दिले तर देवाला गृहीत धरल्यासारखं. ते सध्या दाराजवळ आहेत, ना आत ना बाहेर. भेटायला येणारे तीन जातींचे. एक, "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणणारे; यांची मुलं सेटल झालेली असतात. दोन, कॉलेज अर्ध्यावर सोडून अब्जाधीश झालेल्या अमेरिकन माणसाची गोष्ट सांगणारे. यांच्या मुलांनी कॉलेज पूर्ण केलेलं असतं. तिसरे नुसते येतात, चहा पितात आणि पावसाबद्दल बोलतात. देवानं आम्हाला या तिसऱ्या जातीचे पाहुणे जास्त द्यावेत.

नवऱ्यानं एक सुरक्षित उपाय म्हणून एका खासगी विद्यापीठात पैसेही भरून ठेवले आहेत. तिथे सीट आहे, वसतिगृह आहे, माहितीपत्रकावर हिरवळीत हसणारी मुलं आहेत. आमचे पैसे बुडतील म्हणून सासूबाईंना घोर लागला, तेव्हा त्यानं एआयसीटीईचा नियम छापून फ्रिजवर लावला. वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यावी लागते आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. ज्यांनी कुठे असे पैसे भरले असतील त्यांनी हा नियम जरूर जवळ बाळगावा. फ्रिजवरच लावायला हवा असं नाही.

या सगळ्या धुमाळीत जिचा प्रवेश आहे ती कुठे आहे? ती साडेनऊला उठते. स्कूटरचं लर्निंग लायसन्स काढून आली. अंड्याची भुर्जी करायला शिकली. सीट अलॉटमेंट संध्याकाळी लागणार होती ती वेळापत्रक 'सुधारित' होऊन रात्रीवर गेली, तेव्हा आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसलो होतो, पान उघडत नव्हतं, आणि ती आत मैत्रिणीशी नेलपॉलिशबद्दल बोलत होती. "अगं, तुला काहीच कसं वाटत नाही?" असं मी विचारलं तर म्हणाली, "आई, परीक्षा मी दिली. आता तुमची चाललीय, तर मी मध्ये कशाला बोलू?"

मिळालं तिला. पहिल्या फेरीत मिळालं, दुसऱ्या फेरीत थोडं वर सरकलं. आता जी सीट हातात आहे ती वाईट मुळीच नाही. फक्त नवऱ्याच्या तक्त्यात ती पिवळ्याच्या जरा खाली येते, म्हणून बेटरमेंटला टाकली आहे. परवा रात्री तक्ता बघता बघता सासूबाईच म्हणाल्या, "बारा हजार पुढे, ते ठीक. पण मागे किती आहेत?" नवरा म्हणाला, मागे सत्त्याण्णव टक्के. "मग त्यांच्यातलं कुणीतरी आपल्या पोरीसाठी बसलं असेल की देव पाण्यात घालून. हिला चांगलं मिळू दे, म्हणजे हिची सीट सुटेल." हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सोलापूरची किंवा परभणीची एखादी बाई सध्या आमच्या मुलीच्या उत्कर्षासाठी संकष्टी करत असणार, आणि तिला तिचं गोत्रसुद्धा माहीत नसणार. आमच्या घरातलं बळ कमी पडत होतं, त्यात या माउलीची भर पडली आहे. मला तर या महिन्यात पहिल्यांदाच जरा हुशारी वाटली.

तर वाचकहो, एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाला आयआयटी, एनआयटी, बिट्स, मेडिकल किंवा मेलबर्न मिळालं असेल, तर आमच्या घरातर्फे मनापासून अभिनंदन. त्यात आमच्या अथर्वशीर्षाचाही वाटा आहे हे विसरू नका. पण कॅपमधली सीट अजून नावावर असेल तर आजच लॉगिन करून प्रवेश रद्द करा. तो ऑनलाइनच रद्द करता येतो, पेढ्यांचा खर्च नाही, शनिवार पेठेत जावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात करू म्हणू नका. आमची तिसरी फेरी अजून लागायची आहे.